मायनर सूटची बोली: तीन नो ट्रम्प, पाच की स्लॅम?

ब्रिज शिकणाऱ्याला मेजरची बोली लवकर जमते. इस्पिक किंवा बदामचं आठ पानांचं फिट (दोघांकडे मिळून त्या सूटची आठ पानं) सापडलं, दोघांचे मिळून २५-२६ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) झाले, की चार म्हणायचं आणि खेळायला लागायचं. चौकट आणि किलवरचं, म्हणजे मायनरचं, गणित वेगळं आहे. इथे फिट सापडल्यावरच खरी बोली सुरू होते. हुकूम कुठला हे कळलेलं असतं, पण त्या हुकमावर खेळायचं की नाही हेच ठरायचं असतं.

मायनरच्या प्रत्येक बोलीमागे एकच क्रम डोक्यात ठेवावा असं माझं ठाम मत आहे: आधी ३ नो ट्रम्प (हुकमाशिवायचा खेळ) जमतं का ते पाहा, मग स्लॅमचा, म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीचा, वास येतो का ते पाहा, आणि ही दोन्ही दारं बंद झाली तरच पाच मायनरकडे वळा. पुढचं सगळं या क्रमाभोवती फिरतं.

लेखात पाच पानी मेजर (म्हणजे १ मेजर उघडायला त्या सूटची किमान पाच पानं) आणि १५ ते १७ पॉइंटचा १ नो ट्रम्प धरला आहे. प्रिसिजनसारख्या पद्धतीत १ किलवर ही १६ किंवा जास्त पॉइंटची कृत्रिम (त्या सूटशी संबंध नसलेली) बोली असते. तिथे ओपनिंगचा भाग लागू होत नाही, बाकीचा बराचसा होतो.

आधी गुणांचा हिशेब

पहिले सहा हात मोजत नाहीत; त्यापुढे मायनरच्या प्रत्येक हाताला २० गुण, मेजरच्या हाताला ३०, नो ट्रम्पच्या पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. गेमसाठी, म्हणजे मोठा बोनस मिळवायला, १०० गुणांची बोली लागते. म्हणून नो ट्रम्पमध्ये ९ हात पुरतात, मेजरमध्ये १० लागतात आणि मायनरमध्ये ११. तेरातले अकरा हात करायचे म्हणजे फक्त दोन गमावायची मुभा. त्यासाठी साधारण २८-२९ पॉइंट किंवा चांगली विषम वाटणी लागते. ३ नो ट्रम्प २५ पॉइंटांत होतं, आणि लांब मायनर सलग पळत असेल तर त्याहून कमीतही होतं.

डुप्लिकेटमध्ये, म्हणजे तेच डाव अनेक टेबलांवर खेळतात तिथे, हा फरक आणखी बोचतो. नॉन-व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही कमी असलेली स्थिती; व्हल्नरेबलमध्ये ते जास्त) असताना ३ नो ट्रम्पमध्ये नेमके नऊ हात केले तर ४०० मिळतात, ५ चौकटमध्ये नेमके अकरा केले तरी ४००च. पण नो ट्रम्पमध्ये दहा हात झाले तर ४३०, आणि ५ चौकटमध्ये बारा हात करूनही ४२०. म्हणजे मॅचपॉइंटच्या स्पर्धेत, जिथे दुसऱ्या टेबलापेक्षा दहा गुण जास्त असले तरी पुरतात, तुम्ही चौकटमध्ये दोन हात जास्त करूनही मागे राहता. आयएमपीच्या सामन्यात, जिथे गुणांचा फरक किती मोठा ते पाहतात, या वीस-तीस गुणांना किंमत नसते; तिथे जो काँट्रॅक्ट (शेवटी ठरलेली बोली) जास्त सुरक्षित तोच घ्यावा. आपण कुठल्या प्रकारची स्पर्धा खेळतोय हे विसरून मायनरची बोली लावू नका.

ओपनिंग: किलवर की चौकट?

ओपनिंगचे १२-१३ पॉइंट आहेत, पाच पानी मेजर नाही आणि १ नो ट्रम्पमध्येही बसत नाही, तर मायनर उघडायचा. जो लांब तो उघडा. दोन्ही चार-चार असतील तर १ चौकट. दोन्ही तीन-तीन असतील तर १ किलवर. दोन्ही पाच-पाच असतील तर १ चौकट आणि पुढच्या फेरीत किलवर.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. १ चौकटमध्ये फक्त तीन चौकट असण्याची वेळ एकाच वाटणीत येते: चार इस्पिक, चार बदाम, तीन चौकट, दोन किलवर. बाकी प्रत्येक वेळी किमान चार असतात. १ किलवरमध्ये मात्र तीन पानं असणं रोजचं आहे. म्हणून भिडूने १ चौकट उघडली तर चार पानांवर पाठिंबा देता येतो, १ किलवरला पाठिंबा द्यायला पाच पानं हवीत.

पाच किलवर आणि चार चौकट असतील तर पुस्तकी उत्तर १ किलवर. अडचण दुसऱ्या फेरीत येते. भिडू १ इस्पिक म्हणाला, तर २ चौकट म्हणायला १७ च्या आसपास पॉइंट लागतात (का, ते पुढे येईल), आणि तुमच्याकडे १३ असतात. मग पाच पानी किलवर पुन्हा बोलणं किंवा १ नो ट्रम्प म्हणणं एवढंच उरतं. अशा वेळी मी सूटचा दर्जा पाहतो. चौकटमध्ये एक्का, राजा, १०, ४ आणि किलवरमध्ये राणी, ८, ६, ५, ३ असेल, तर १३ पॉइंटवर १ चौकट उघडून पुढे २ किलवर म्हणणं सोपं पडतं. किलवर भक्कम असतील तर १ किलवर आणि नंतर २ किलवर. भिडूशी हे आधी बोलून ठेवा, कारण १ चौकट – २ किलवर या क्रमात चौकट किलवरपेक्षा लहान असू शकते हे त्याला माहीत असायला हवं.

उत्तर देताना मेजर आधी

भिडूच्या १ मायनरला उत्तर देताना चार पानी मेजर असेल तर तो सांगायचा. हातात भिडूच्या मायनरची पाच पानं असली तरीही आधी मेजरच. ६ पॉइंट पुरेसे आहेत.

१ किलवरवर तुमच्याकडे चार चौकट आणि चार बदाम असतील, तर काही जोड्या खालून वर (किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या चढत्या क्रमाने) जात १ चौकट म्हणतात. काही जोड्या पॉइंट कमी असतील तर चौकट ओलांडून थेट १ बदाम म्हणतात, आणि १ चौकटनंतर मेजर फक्त गेमच्या ताकदीवर दाखवतात. या दुसऱ्या पद्धतीला वॉल्श म्हणतात. मला ती जास्त पटते, कारण कमी पॉइंटांत चौकटचं फिट सापडून फारसा फायदा नसतो, आणि प्रतिस्पर्धी मध्ये घुसण्याआधी बदाम सांगून झालेले असतात.

मेजर नाही, मायनरला फिट नाही आणि ६ ते १० पॉइंट आहेत, तर १ नो ट्रम्प.

ओपनरची दुसरी बोली

१ मायनर उघडून भिडूने १ मेजर सांगितला, आता तुमची पाळी. त्याच्या मेजरची चार पानं असतील तर पाठिंबा द्या. १२ ते १४ पॉइंट आणि बॅलन्स्ड (चारही सूटमध्ये साधारण सारखी वाटलेली) पानं असतील तर १ नो ट्रम्प, १८-१९ असतील तर २ नो ट्रम्प. सहा पानी मायनर आणि १५ पर्यंत पॉइंट असतील तर २ मायनर. तीच सहा पानं दमदार असून १६ ते १८ पॉइंट असतील तर उडी मारून ३ मायनर. ही उडी म्हणजे भिडूला सरळ प्रश्न आहे: बाकीच्या सूट तू अडवू शकतोस का? अडवू शकत असेल तर त्याने ८ पॉइंटांवरही ३ नो ट्रम्प म्हणावं.

आता रिव्हर्स. १ किलवर – १ इस्पिक – २ चौकट, किंवा १ चौकट – १ इस्पिक – २ बदाम. तुमची दुसरी सूट पहिलीपेक्षा वरची आहे आणि ती दोनच्या पातळीवर आली आहे. भिडूला तुमच्या पहिल्या सूटवर परत जायचं तर तीनच्या पातळीवर जावं लागतं. त्याच्याकडे ६ पॉइंट असू शकतात, म्हणून बाकीची ताकद तुमच्याकडे हवी. १७ च्या आसपास पॉइंट, पहिली सूट दुसरीपेक्षा लांब, आणि भिडूने पास करायचं नाही. याउलट १ चौकट – १ इस्पिक – २ किलवर हा रिव्हर्स नाही. तिथून २ चौकटवर परतता येतं, त्यामुळे १२ पॉइंटवरही ती बोली चालते.

फिट सापडलं: इन्व्हर्टेड मायनर

जुन्या पद्धतीत १ चौकट – २ चौकट म्हणजे ६ ते १० पॉइंट आणि १ चौकट – ३ चौकट म्हणजे १०-१२. ही मांडणी मायनरला जाचक आहे. ताकद असताना आपण तीनच्या पातळीवर उडी मारतो आणि ३ नो ट्रम्प शोधायला लागणारी जागाच खाऊन टाकतो. ताकद नसताना दोनवर थांबतो आणि प्रतिस्पर्ध्यांना मेजर सांगायला मोकळीक देतो.

इन्व्हर्टेड मायनरमध्ये हे उलटं करतात. १ चौकट – २ चौकट म्हणजे १० किंवा जास्त पॉइंट, चांगलं फिट, चार पानी मेजर नाही, आणि ओपनरने पास करायचं नाही. १ चौकट – ३ चौकट म्हणजे कमजोर पानं आणि पाच किंवा जास्त चौकट, फक्त अडथळा आणण्यासाठी. नियमित जोडीने मायनरसाठी एकच नवी पद्धत उचलायची असेल तर हीच उचलावी.

यानंतर दोघंही खालून वर स्टॉपर दाखवत जातात. स्टॉपर म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची सूट अडवणारं पान: एक्का, सोबत एक पान असलेला राजा, सोबत दोन पानं असलेली राणी. ज्या सूटवरून तुम्ही उडी मारून पुढे गेलात तिथे तुमच्याकडे स्टॉपर नाही असं भिडू समजतो. उरलेल्या दोन्ही सूट अडवता येत असतील तर २ नो ट्रम्प. सर्वांत कमी ताकदीची बोली म्हणजे ३ मायनर, आणि तिथे पास करता येतो.

एक डाव जवळून पाहू.

ओपनर
इस्पिक: ८ ४
बदाम: एक्का ५
चौकट: एक्का राणी १० ७ ४
किलवर: राजा गुलाम ६ ३

उत्तर देणारा
इस्पिक: ७ ३
बदाम: राजा राणी ६
चौकट: राजा गुलाम ८ ५ ३ २
किलवर: एक्का ८

प्रतिस्पर्धी गप्प आहेत असं धरा. बोली अशी जाते: १ चौकट, २ चौकट, २ बदाम, ३ किलवर, ५ चौकट.

२ बदाम म्हणजे "बदाम माझ्याकडे अडले". उत्तर देणाऱ्याला आता इस्पिकचा स्टॉपर असता तर तो २ इस्पिक किंवा २ नो ट्रम्प म्हणाला असता. तो थेट ३ किलवरवर गेला: किलवर अडले, इस्पिक नाही. ओपनर आपल्या ८ आणि ४ कडे पाहतो आणि ३ नो ट्रम्पचा विचार तिथेच सोडतो. प्रतिस्पर्ध्यांकडे नऊ इस्पिक आहेत, एक्क्यापासून दश्शीपर्यंत सगळी मोठी पानं त्यांचीच. २७ पॉइंट असूनही ३ नो ट्रम्पमध्ये इस्पिकची उतारी (पहिलं पान) झाली तर पहिले पाच हात जातात. ५ चौकटमध्ये मात्र दोनच इस्पिक जातात. बदाम तिन्ही आपले, किलवरचे एक्का-राजा झाले की उरलेली दोन पानं हुकमाने मारायची. अकरा हात बसल्या जागी.

आता उत्तर देणाऱ्याची दोनच सूट थोडी बदलू.

इस्पिक: राजा ३
बदाम: राणी ८ ६
चौकट: राजा गुलाम ८ ५ ३ २
किलवर: एक्का ८

पॉइंट तेवढेच, १३. बोली: १ चौकट, २ चौकट, २ बदाम, २ नो ट्रम्प, ३ नो ट्रम्प. उत्तर देणाऱ्याकडे इस्पिक आणि किलवर दोन्ही अडलेले आहेत, म्हणून २ नो ट्रम्प. सहा चौकट, बदामचा एक्का, किलवरचे एक्का-राजा असे नऊ हात तयार आहेत, आणि इस्पिकची उतारी आली तर इस्पिकचा राजा दहावा हात देतो.

इथे खरी गंमत नो ट्रम्प कोणी म्हटला यात आहे. उत्तर देणाऱ्याने म्हटला, म्हणून खेळणार तो, आणि पहिली उतारी त्याच्या राजाच्या दिशेने येते. तेच ३ नो ट्रम्प ओपनरने आधी म्हटलं असतं तर राजा डमीत (टेबलावर मांडलेल्या भिडूच्या पानांत) उघडा पडला असता. त्याच्या मागे एक्का असला की इस्पिकची उतारी होताच पाच हात गेले. ५ चौकटलाही तोच धोका आहे: दोन इस्पिक आणि एक बदाम जाऊन एक हात कमी पडू शकतो. तर राजा आणि एक पान, किंवा एक्का-राणी, असा स्टॉपर ज्याच्याकडे आहे त्यानेच नो ट्रम्प म्हणावं. नुसता एक्का आणि छोटी पानं ज्याच्याकडे आहेत त्याने घाई करू नये, भिडूला संधी द्यावी. भिडूकडे राणी आणि एक पान निघालं तर त्याच्या बाजूने खेळल्यावर तोच स्टॉपर दुप्पट कामाचा होतो.

स्टॉपर किती पुरतात?

सगळ्या सूटमध्ये दोन-दोन स्टॉपर असावेत असं अनेकांना वाटतं आणि ते विनाकारण पाच मायनरवर पळतात. प्रश्न असा विचारा: उतारी हातात आल्यावर मला लगेच नऊ हात मोजता येतात का? येत असतील तर एकच स्टॉपर पुरतो. पण मायनरमध्ये एक्का प्रतिस्पर्ध्याकडे असेल आणि तो काढायला एक हात द्यावा लागणार असेल, तर त्यांच्या लांब सूटमध्ये दोनदा अडवणं जमायला हवं, नाहीतर त्या सूटमधला आपला एक्का रोखून धरून त्यांचा आपसातला रस्ता तोडता यायला हवा.

मायनर पळेल का, याचाही अंदाज घ्या. एक्का, राजा, राणी आणि दोन छोटी पानं, समोर तीन छोटी: बाहेर पाच पानं आहेत, आणि ती ३-२ वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के. तेव्हा पाचही हात येतात. बाहेर चारच पानं असतील, म्हणजे तुमच्या दोघांकडे नऊ, तर २-२ वाटणी ४० टक्के आणि ३-१ वाटणी ५० टक्के. गुलाम नसला की हे आकडे महत्त्वाचे ठरतात.

मेजर सांगून झाल्यावर

बऱ्याचदा बोली १ चौकट – १ इस्पिक – १ नो ट्रम्प अशी जाते आणि उत्तर देणाऱ्याकडे पाच इस्पिक आणि ११ किंवा जास्त पॉइंट असतात. इथे न सांगितलेला मायनर, म्हणजे २ किलवर, ही कृत्रिम बोली वापरतात: तुझ्याकडे तीन इस्पिक आहेत का, किंवा चार बदाम? याला न्यू मायनर फोर्सिंग म्हणतात. त्याची किंमत अशी की कमजोर पानं आणि लांब किलवर असताना २ किलवरवर थांबता येत नाही. मला ही किंमत मान्य आहे.

तीन सूट सांगून झाल्या असतील, उदाहरणार्थ १ चौकट – १ बदाम – १ इस्पिक, तर चौथी सूट, २ किलवर, हीसुद्धा चौकशीच असते. ओपनरकडे किलवरचा स्टॉपर असेल तर तो नो ट्रम्प म्हणतो, नसेल तर आपल्या पानांचं पुढचं वर्णन करतो. मायनरचं फिट असलेल्या जोडीला ३ नो ट्रम्प टाळायचं की घ्यायचं हे या बोलीतून कळतं.

आणि एक पर्याय लोक विसरतात. एक सूट साफ उघडी आहे, ३ नो ट्रम्प शक्य नाही, ५ मायनरला एक हात कमी वाटतो, पण मेजरमध्ये चार-तीन असं सात पानांचं फिट आहे. अशा वेळी ४ मेजर खेळून पाहा, विशेषतः ती उघडी सूट तीन पानं असलेल्या बाजूने हुकमाने मारता येत असेल तर. अशा चार-तीनच्या फिटला ब्रिजमध्ये मॉयशियन म्हणतात. दहाच हात लागतात.

स्लॅम: मायनरचं खरं बळ

मायनरमध्ये गेमचे गुण कमी असले तरी स्लॅमचा बोनस सगळ्यांना सारखाच: छोट्या स्लॅमला नॉन-व्हल्नरेबल ५०० आणि व्हल्नरेबल ७५०, मोठ्याला १००० आणि १५००. नॉन-व्हल्नरेबल ६ चौकटचे ९२० होतात. बाकीची टेबलं ३ नो ट्रम्पमध्ये अकरा हात करून ४६० घेत असताना हे ९२० फार मोठे वाटतात. म्हणूनच चांगलं फिट, नऊ-दहा हुकूम आणि कुठेतरी एकच पान किंवा एकही पान नाही अशी सूट दिसली, तर ३ नो ट्रम्पवर उडी घ्यायच्या आधी थांबा.

स्प्लिंटर इथे फार कामाचा. १ चौकटवर ३ इस्पिक ही दुहेरी उडी घेतली की अर्थ होतो: चौकटला फिट, गेमची ताकद, इस्पिकचं जास्तीत जास्त एक पान. ओपनरकडे इस्पिकमध्ये राजा, राणी, गुलाम असतील तर त्यांचा हुकमाच्या खेळात उपयोग नाही, पण नो ट्रम्पमध्ये आहे: ३ नो ट्रम्प. इस्पिकची तीन छोटी पानं असतील तर त्याचे सगळे पॉइंट बाकीच्या तीन सूटमध्ये कामाला येतात: स्लॅमकडे चला. एका बोलीत दोन्ही प्रश्न सुटतात.

ओपनरलाही हे करता येतं. पाहा:

ओपनर
इस्पिक: एक्का ६
बदाम: ८
चौकट: राजा राणी गुलाम ७ ५
किलवर: एक्का राणी ९ ६ ४

उत्तर देणारा
इस्पिक: राजा ८ ४
बदाम: एक्का ७ ५
चौकट: एक्का १० ८ ४ ३
किलवर: राजा २

१ चौकट, २ चौकट, आणि ओपनर उडी मारून ३ बदाम म्हणतो: बदामचं एकच पान. उत्तर देणाऱ्याचे १४ पॉइंट आता सोन्याचे झाले. बदामचा एक्का त्या एका पानाला झाकतो, आणि वाया जाणारी राजा-राणी तिथे नाहीत. एकूण पॉइंट ३० च, तरी तेरा हात होतात. बदाम जात नाही, इस्पिकची दोन्ही पानं एक्का-राजाखाली, किलवरचे तीन मोठे हात आणि उरलेले दोन किलवर डमीतल्या हुकमांनी मारायचे.

एक्के विचारताना मायनरची एक अडचण असते. नेहमीच्या ४ नो ट्रम्पच्या प्रश्नाला पाचच्या पातळीवर उत्तरं येतात. हुकूम किलवर असेल आणि उत्तर ५ चौकट आलं, तर ५ किलवर मागे गेलेलं असतं. दोन एक्के कमी आहेत हे कळतं आणि थांबायला जागा नसते. म्हणून अनेक जोड्या मायनरवुड वापरतात: मायनर ठरलेला आहे आणि बोली गेमपर्यंत जाणारच आहे, तेव्हा ४ मायनर म्हणजे एक्के आणि हुकमाचा राजा मिळून पाच मुख्य पानांची चौकशी. वरच्या डावात उत्तर देणारा ४ चौकट म्हणतो. पहिली पायरी, ४ बदाम, म्हणजे शून्य किंवा तीन असं ठरलं असेल तर ओपनर ४ बदाम म्हणतो: इस्पिक आणि किलवरचे एक्के, चौकटचा राजा. शून्य असणं शक्यच नाही, म्हणून पाचही मुख्य पानं आपली. ६ चौकट नक्की झालं, आणि सातची चौकशी करायला ५ चौकटच्या खाली अजून ४ इस्पिक, ४ नो ट्रम्प आणि ५ किलवर अशा तीन बोल्या शिल्लक आहेत.

मायनरवुड घेतलं की ४ मायनर ही "गेमला जाऊ या का?" अशी विचारणा उरत नाही. पहिल्या डावात ओपनरने ३ किलवरवर थेट ५ चौकट का म्हटलं ते यातून लक्षात येईल.

१ नो ट्रम्पसमोर लांब मायनर

भिडूने १ नो ट्रम्प उघडला आणि तुमच्याकडे सहा पानी मायनर आणि १० पॉइंट आहेत. मायनर सांगू नका. ३ नो ट्रम्प म्हणा आणि ती सहा पानं डमीत मांडा. प्रतिस्पर्ध्यांना कमी माहिती मिळते आणि उतारी चुकायची शक्यता वाढते.

मधल्या ताकदीवर मात्र चौकशी हवी. इस्पिक ७ ४, बदाम ८ ३, चौकट राजा राणी गुलाम ८ ६ ५, किलवर ९ ६ २. सहाच पॉइंट, पण भिडूकडे चौकटचा एक्का असेल तर सहा हात तयार. नसेल तर एक्का धरून बसलेला प्रतिस्पर्धी तुमची चौकट मारून टाकू शकतो, कारण डमीत शिरायला दुसरा रस्ता नाही. चारही सूटचे ट्रान्स्फर खेळणाऱ्या जोडीत २ इस्पिक म्हणजे किलवर आणि २ नो ट्रम्प म्हणजे चौकट. २ नो ट्रम्पवर ओपनर चौकट आवडली तर मधली ३ किलवर म्हणतो, नाहीतर ३ चौकट. ३ किलवर ऐकलं की ३ नो ट्रम्प. ३ चौकट ऐकलं की पास. काही जोड्या हे दोन अर्थ उलटे ठेवतात, म्हणून भिडूसोबत लिहून ठेवा.

प्रतिस्पर्धी मध्ये बोलले तर

बहुतेक जोड्यांमध्ये मध्ये बोली किंवा डबल आला की इन्व्हर्टेड मायनर बंद. १ चौकटवर प्रतिस्पर्ध्याने डबल दिला तर २ चौकट साधी, ३ चौकट कमजोर, आणि चांगला पाठिंबा २ नो ट्रम्पने दाखवतात. प्रतिस्पर्धी १ इस्पिक म्हणाला तर त्याचीच सूट, २ इस्पिक, म्हणजे चौकटला फिट आणि १० किंवा जास्त पॉइंट. आता ३ नो ट्रम्पचा प्रश्न एकाच सूटपुरता उरतो: इस्पिकचा स्टॉपर कोणाकडे आहे?

त्यांच्या १ मेजरवर तुमचं २ नो ट्रम्प म्हणजे दोन्ही मायनर, किमान पाच-पाच. ती बोली व्हल्नरेबल असताना चिल्लर पानांवर करू नका. तीनच्या पातळीवर डबल खाल्लात तर महागात पडतं. त्यांच्या मेजरवर २ किलवर किंवा २ चौकट म्हणायलाही सहा चांगली पानं हवीत.

भिडूने ३ किलवर उघडलं, म्हणजे सात पानं आणि बाहेर फारसं काही नाही. तुमच्याकडे १६ पॉइंट आणि किलवरचं एकच छोटं पान असेल तर पास करा. त्याची सूट पळणार नाही आणि डमीत पोचता येणार नाही. १४ पॉइंट, किलवरचा एक्का आणि एक छोटं पान, बाकी तिन्ही सूट अडलेल्या असतील तर ३ नो ट्रम्प म्हणा. पॉइंट कमी, हात जास्त.

याच विचाराचं टोक म्हणजे गॅम्बलिंग ३ नो ट्रम्पचं ओपनिंग: सात किंवा आठ पानांचा सलग मायनर, एक्का राजा राणी गुलामसह, आणि बाहेर एक्का किंवा राजा नाही. समोर बसलेल्याने बाकीच्या सूट मोजाव्यात. अडल्या असतील तर पास. नसतील तर ४ किलवर म्हणावं; ओपनरची सूट किलवर असेल तर तो तिथेच पास करतो, चौकट असेल तर ४ चौकट म्हणतो.